बिनकुंपणाचें अंगण

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत पोरांच्या खेळाचें परीक्षण कशास, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक करतील, आणि तो करण्याचा त्यांचा अधिकार आम्हांस मान्य आहे. परंतु तमाशा, नाटक आणि बोलपट यांनाही शिष्टांनीं एके काळीं दाराबाहेरच उभें केलें होतें, हें विसरून चालणार नाहीं. ज्या कृतींत घरचीं मुलें रोज दोन-तीन तास घालवितात, आणि जिच्याविषयीं घरच्या वडील माणसांस "डोळे बिघडतात" यापलीकडे कांहीं सांगतां येत नाहीं, तिची टीका कोणीं तरी करावयास हवी. निंदा पुष्कळ झाली आहे. स्तुति तर विकणारे करीतच असतात. टीका मात्र मराठींत आमच्या फारशी पाहण्यांत नाहीं. म्हणून हा उद्योग.

आमच्या भगिनीचें घर कनेरगांव नाका येथें आहे. वाशीमहून हिंगोलीस जाणाऱ्या सडकेवर, विदर्भ जेथें संपतो आणि मराठवाडा जेथें सुरू होतो त्या सांध्यावरचें हें गांव. १९४८ पूर्वीं या सांध्याच्या एका अंगास निजामाचें राज्य होतें व दुसऱ्या अंगास वऱ्हाड. नाणें निराळें, टपालाचीं तिकिटें निराळीं, आणि सरहद्दीवर मालाची जकात घेणारें निजामाचें करोडगिरी खातें. पुढें सरहद्द पुसली गेली; नाका गांवाच्या नांवांत राहिला.

२०१९ च्या दिवाळींत आम्ही तेथें गेलों होतों. त्या वर्षीं पाऊस हटावयास तयार नव्हता. सोयाबीनच्या गंजींना कोंब फुटले होते आणि घराघरांत दिवाळीपेक्षां पंचनाम्याचें बोलणें अधिक होतें. अंगणांत मुलांनीं मातीचा किल्ला घातला होता. ही रीत तिकडची नव्हे. आमच्या भगिनीनें ती पुण्याहून सासरीं नेली आणि तीन मुलांच्या पायीं ती तेथें रुजली. परंतु त्या वर्षीं चिखल वाळेना, बुरूज उभा राहीना. दगडांवर टाकलेलें गोणपाट भिजून खालीं बसलें आणि त्यावर पेरलेले अळीव कुजले. दुसऱ्या दिवशीं दोन्ही मुलगे अंगणांतून नाहींसे झाले. त्यांस बोलावून आणण्याची कामगिरी आमच्याकडे आली. तपास करतां ते सडकेवरील एका दुकानांत सांपडले. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पीकविम्याचे कागद असें सर्व तेथें होतें, आणि मागच्या भिंतीशीं दोन जुने संगणक. त्यांपैकीं एकावर दोघे भाऊ एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून किल्ला बांधीत होते. आम्ही बोलावण्यास गेलों आणि तासभर मागें उभे राहिलों, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

त्या खेळाचें नांव माइनक्राफ्ट क्लासिक. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यानें १७ मे २००९ रोजीं मूळ खेळ लोकांपुढें ठेवला. तेव्हां तो अगदीं कच्चा होता. पुढें मोजांग ही त्याची मंडळी वाढली, २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती अडीच अब्ज डॉलरांस विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. हा आंकडा आम्ही भक्तिभावानें देत नाहीं. खपावरून कृतीची योग्यता ठरत असती तर टीकाकारांस घरीं बसतां आलें असतें. आम्हांस कुतूहल आहे तें निराळ्या गोष्टीचें. २०१९ च्या मे महिन्यांत, दशवार्षिक उत्सवाच्या निमित्तानें, मालकांनीं त्या पहिल्या कच्च्या खेळाचें एक रूप ब्राउझरमध्यें विनामूल्य उघडून दिलें, आणि एक दुवा पाठवून आणखी नऊ मित्रांस आपल्या जगांत बोलावण्याची सोय ठेवली. विकत घेतलेला, रोज नवा होणारा, राक्षसांनीं व रात्रींनीं भरलेला मोठा खेळ शहरांतील मुलांचा. नाक्यावरच्या जुन्या संगणकावर उतरला तो हा लहान, दरिद्री खेळ. आमचें परीक्षण त्याचें आहे.

पडदा उघडतांच आपण एका हिरव्या माळावर उभे असतों. सर्व कांहीं चौकोनी ठोकळ्यांचें: जमीन, टेकड्या, झाडें, टेकड्यांच्या पोटांतील गुहा. कडेला समुद्र. चालण्यास चार कळा, उडी मारण्यास एक. माऊसनें ठोकळा फुटतो, माऊसनेंच बसतो. निवडावयास बत्तीस प्रकारचे ठोकळे, त्यांतले जवळजवळ निम्मे निरनिराळ्या रंगांच्या लोकरीचे. उरलेल्यांत दगड, विटा, फळ्या, कांच, वाळू, दोन फुलें, दोन अळंब्या. साठा कधीं संपत नाहीं. भूक नाहीं, रात्र नाहीं, शत्रु नाहीं. गुण मिळत नाहींत. कोणी जिंकत नाहीं. प्रथम पाहणाऱ्यास वाटतें कीं कर्ता कथानक लिहावयाचें विसरला.

पण हा विसर नव्हे. अशा खेळांस इंग्रजींत वाळूच्या हौदाचें नांव आहे, आणि त्या नांवास इतिहास आहे. बर्लिनच्या बागांतून मुलांसाठीं टाकलेले वाळूचे ढीग पाहून अमेरिकेंत बोस्टन शहरीं १८८५ च्या सुमारास तशीच सोय केली गेली. गरीब वस्तींतील मुलांस रस्त्याऐवजीं खेळावयास जागा मिळावी एवढाच हेतु. वाळूनें कांहीं सांगावयाचें नसतें. ती फक्त हातांत येते आणि हाताचें ऐकते. आमच्याकडे या कामास हौदाची गरज कधीं पडली नाहीं. अंगणांतील माती, नदीकांठची रेती आणि भातुकलीची बोळकीं एवढ्यावर पिढ्या वाढल्या. म्हणून या खेळाची तुलना पाश्चात्यांच्या हौदाशीं न करतां दिवाळीच्या किल्ल्याशीं करावी, हें आम्हांस अधिक न्यायाचें वाटतें.

आणि ती तुलना करूं लागतांच पहिला दोष दिसतो. या जगांत वजन नाहीं. वाळू आणि खडी एवढेच ठोकळे खालीं पडतात. बाकी सर्व जेथें ठेवाल तेथें अधांतरीं राहतें. झाडाचा बुंधा तोडला तरी शेंडा आकाशांत तसाच लोंबकळत असतो. आमच्या थोरल्या भाच्यानें पहिल्या तासांत हेंच केलें आणि "मामा, पहा, पडतच न्हाई" म्हणून हंसला. आम्हीही हंसलों. परंतु मातीचा किल्ला रचतांना मुलाच्या हातास जें कळतें तें येथें कळावयाचें नाहीं. बुरुजाखालीं दगड किती लागतो, ओला चिखल किती उंच चढतो, कोणता उतार पावसांत टिकतो, हें बोटांचें ज्ञान आहे. पडल्यावांचून तें मिळत नाहीं. ज्यांत कांहीं पडतच नाहीं त्यांत रचण्याचें सुख आहे, रचणाऱ्याची कसोटी नाहीं. खेळाचे भक्त यास स्वातंत्र्य म्हणतील. आम्ही यास सवलत म्हणतों, आणि सवलतीनें कला क्वचितच सुधारते.

मात्र पाण्याच्या बाबतींत कर्त्यानें जें केलें आहे त्यापुढें आम्ही थक्क झालों. या जगांतील पाणी सांडतें, पण कमी होत नाहीं. समुद्राच्या कांठचा एक ठोकळा फोडावा, कीं पाणी आंत शिरतें आणि त्याच पातळीवर जेवढी मोकळी जागा असेल तेवढी भरून टाकतें. खालीं खड्डा असेल तर तोही भरतें. आणि समुद्र तसूभरही ओसरत नाहीं. एका चुकीच्या कुदळीनें खोदलेली सबंध गुहा क्षणांत बुडते. यावर उपाय म्हणून कर्त्यानें एक ठोकळा दिला आहे तो स्पंजाचा. तो ठेवला कीं आजूबाजूची कांहीं ठोकळ्यांची जागा कोरडी होते, आणि तो उचलला कीं पाणी पुन्हां येतें. हा विचार कोणा मराठवाड्याच्या माणसास सुचला नसता. ज्या मुलुखांत एप्रिलमध्यें हंड्यांच्या रांगा लागतात, तेथें पाण्याचें संकट म्हणजे तें आटणें. स्वीडनच्या मनुष्यास संकट म्हणून आठवलें तें पाण्याचें न आटणें. परंतु त्या दिवाळींत दुकानाबाहेर पाऊस कोसळत होता, नाल्या रस्त्यावर आल्या होत्या, पीकविम्याचे अर्ज भरावयास आलेले लोक ओलेचिंब उभे होते. आणि आंत धाकटा भाचा स्पंजाचे ठोकळे एकापुढें एक मांडीत समुद्र मागें सारीत होता. त्याच्या मागें उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें तें बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हे कुठं मिळतंय?" तो थट्टेनें म्हणाला कीं मनापासून, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आतां ब्राउझरविषयीं दोन शब्द, कारण या कृतीचें निम्मे गुणदोष तिच्या दारांत आहेत. यंत्रांत कांहीं उतरवून घ्यावयाचें नाहीं, पैसे द्यावयाचे नाहींत, संगणक बलवान असावयास नको. पत्ता लिहिला कीं जग उघडलें. दुकानदारासही तक्रार नव्हती. तासाचे त्याचे ठरलेले पैसे त्याला मिळत. मागें जी यंत्रणा चालते तीही मोठी चतुर आहे. प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावर सबंध जगाची एक प्रत असते; कोणीं ठोकळा बसविला तर "अमुक जागीं अमुक ठोकळा" एवढाच निरोप इतरांकडे जातो. डोंगर पाठवावे लागत नाहींत, डोंगरांतील फरक तेवढे पाठविले जातात. नाक्यावरील दुबळ्या जोडणीवर दहा मुलांस एकत्र खेळतां येतें तें या काटकसरीमुळें. परंतु निरोपास उशीर झाला कीं मौजेचा प्रकार घडतो. आपण फोडलेला ठोकळा पुन्हां जागेवर उमटतो. भिंतीपलीकडे उभा असलेला मित्र अचानक भिंतीच्या अलीकडे दिसतो. दोन प्रतींत कांहीं काळ दोन सत्यें नांदतात, आणि शेवटीं त्यांतलें एकच खरें ठरतें. मुलें यावर भांडतात. साक्षीपुराव्याच्या भानगडींत मुरलेल्या वडिलांनीं हें भांडण एकदां ऐकावेंच.

दाराचा दोष असा कीं तें स्वतःच टिकत नाहीं. २००९ सालीं हा खेळ ब्राउझरांत जावाच्या जोडणीवर चाले. पुढें ब्राउझरांनीं एकामागून एक त्या जोडण्या बंद केल्या. फ्लॅशचे हजारों खेळ, ज्यांवर २००० नंतरची शाळकरी पिढी पोसली, ते ३१ डिसेंबर २०२० नंतर मूळ स्वरूपांत चालेनासे झाले. पोथीस वाळवी लागते तरी तींतील कांहीं पानें उरतात. येथें दार बुजलें कीं आंतलें सर्वच गेलें. कोणा हौशी माणसांनीं यांतलें पुष्कळ सांभाळून ठेवलें हें खरें. तसेंच मोठ्या माइनक्राफ्टच्या, मालकांस न विचारतां ब्राउझरांत आणलेल्या नकलाही शाळाशाळांतून फिरतात. त्यांची कैफियत निराळी आहे व आम्ही तींत शिरत नाहीं.

खेळाचा खरा गाभा आम्हांस तिसऱ्या दिवशीं दिसला, आणि तो ठोकळ्यांत नव्हता. भावांनीं दुवा नांदेडच्या चुलतभावास पाठविला होता. त्यानें तो आपल्या शाळेंतील मित्रांस दिला, त्या मित्रांनीं आणखी कोणास दिला. दुपारीं दुकानांत जाऊन पाहतों तों किल्ल्याची पूर्वेकडील भिंत नाहींशी झालेली आणि एक अनोळखी आकृति दरवाजाच्या कमानीवर उभी राहून एकेक वीट फोडीत आहे. भाच्यांनीं रोमन लिपींत मराठी शिव्या लिहिल्या (मराठी शिवीचें रोमन लिपींत काय होतें हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे). आकृति उत्तर देईना. खेळांत तिला अडविण्याचा कांहीं उपाय नव्हता. ठोकळा ज्यानें बसविला त्याचा, असा नियम कर्त्यानें केलेलाच नाहीं. जो येईल त्याला बांधण्याची जेवढी मुभा तेवढीच मोडण्याचीही.

अशा वेळीं दुसरे खेळ काय करतात तें पाहण्यासारखें आहे. २०१५ सालीं ब्राझीलच्या एका तरुणानें काढलेला अगार डॉट आयओ हा खेळही ब्राउझरांतलाच व पुष्कळांनीं एकत्र खेळावयाचा. पण तेथें प्रश्नच उरत नाहीं, कारण मोठ्या थेंबानें लहान थेंबास गिळावें हाच तेथील सबंध धर्म आहे. मत्स्यन्याय उघडपणें सांगितला कीं तक्रारीस जागा राहत नाहीं. उलट २०१७ च्या एप्रिलमध्यें रेडिट या संस्थेनें एक कोरा फलक मांडला. लांबीरुंदींत हजार-हजार टिंबांचा हा फलक, सोळा रंग, आणि प्रत्येकास एका वेळीं एकच टिंब रंगविण्याची मुभा. दुसरें टिंब रंगविण्यापूर्वीं कांहीं मिनिटें थांबावयाचें. बहात्तर तासांत दहा लाखांहून अधिक माणसांनीं त्यावर हात फिरविला, आणि एकट्यानें कांहींच साधत नसल्यामुळें माणसांस टोळ्या करणें, तह करणें, दुसऱ्याची सीमा मान्य करणें भाग पडलें. तेथें कर्त्यानें वेळाचा एक लहानसा नियम घातला, आणि त्या नियमानें समाज घडला. माइनक्राफ्ट क्लासिकनें तेवढाही नियम घातलेला नाहीं. ही त्याची उणीव कीं औदार्य, यावर आम्ही त्या रात्रीं पुष्कळ विचार केला.

मुलांनीं विचारांत वेळ घालविला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं भिंत पुन्हां बांधली आणि किल्ल्यापुढें एक नाका उभा केला. लाल लोकरीचा आडवा दांडा, दोन्ही बाजूंस विटांच्या चौक्या, आणि नियम असा कीं येणाऱ्यानें दांड्याशीं थांबून आपण कोणाचा मित्र तें लिहावयाचें. मग दांड्याचा एक ठोकळा फोडून त्यास आंत घ्यावयाचें व ठोकळा पुन्हां बसवावयाचा. आम्हीं थोरल्यास विचारलें, "भिंत कोठूनही फोडतां येत असतां नाक्यावर कोण थांबेल?" तो म्हणाला, "थांबतेत. नाका दिसला की थांबतेत." आणि आश्चर्य हें कीं बहुतेक थांबले. दोघे-तिघे बाजूनें शिरले, एकानें दांडाच पळविला. पण नांदेडच्या शाळेंतील पोरें एकामागून एक दांड्याशीं उभीं राहून आपलें व आपल्या मित्राचें नांव लिहितांना आम्हीं पाहिलीं. ज्यास टाळतां येतें असा नाका त्यांनीं मानला. खेळ मुलांस सहकार्य शिकवितो असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांस आमचें सांगणें असें कीं या खेळानें कांहीं शिकविलें नाहीं. त्यानें एक खोडी करण्यास मोकळीक दिली, आणि जें घडलें तें मुलांनीं आपल्या गांवाच्या नांवांतून उचललें.

संध्याकाळीं ही हकीकत घरांत सांगितली तेव्हां आमच्या भगिनीच्या सासूबाई माजघरांतून म्हणाल्या, "पुन्यांदा बांधला का नाका? मोडायला किती खटपट केली व्हती." त्या ऐंशीच्या पुढच्या. करोडगिरीच्या नाक्यावर बाजाराचीं गांठोडीं सोडून दाखवावीं लागत, हें त्यांनीं आपल्या आईच्या तोंडून ऐकलें होतें. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत ठिकठिकाणचे असे नाके जाळले गेले, हेंही. मुलें ऐकत होतीं. धाकट्यानें विचारलें, "आज्जे, नाका कोण बांधतंय त्याच्यावर असतंय ना सगळं?" सासूबाईंनीं उत्तर दिलें नाहीं, वाती वळीत राहिल्या.

येथवर आम्ही दोन भाच्यांविषयीं लिहिलें. मुलें तीन आहेत हें वर एकदां सांगितलें आहे. तिसरी भाची, तेव्हां दहा वर्षांची. अंगणांतील किल्ल्याची तळघरें, तळें व पायऱ्या हें तिचें खातें असे. भाऊ दुकानाकडे गेल्यापासून ती ओल्या किल्ल्यापाशीं एकटी होती. सडकेवरच्या दुकानांत, मालमोटारी थांबतात तेथें, तिला कोणी पाठवीना. आणि पाठवूं नये याबद्दल घरांत दुमत नव्हतें, आमचेंही नव्हतें. भाऊ रात्रीं येऊन सांगत तेवढें तिच्या वांट्यास आलें. आईच्या मोबाईलवर तिनें तो पत्ता उघडून पाहिला, परंतु कळफलकावांचून त्यांत धड चालतांही येईना. बिनकुंपणाचें म्हणून ज्या अंगणाची आम्ही मनांतल्या मनांत वाखाणणी करीत होतों, त्याची वाट एका अशा जागेवरून जात होती जेथें घरांतील एक तृतीयांश मुलांस प्रवेश नव्हता. मातीच्या किल्ल्यास उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलें कीं पोंचतां येई.

हा दोष खेळाचा नव्हे, जागेचा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम मांडलें तेव्हां माँटेसोरींचीं महागडीं साधनें त्यांना गांवांत नेतां आलीं असतीं. त्यांनीं बिया, शंख-शिंपले, दगडगोटे घेतले, आणि पुढें तर मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. साधन कोठें ठेवलें आहे व तेथवर कोण चालत येऊं शकतो, हा साधनाच्याच घडणीचा भाग आहे, हें त्यांच्या कामावरून शिकावें. कुंपण नसलेलें जग बांधणाऱ्यानें त्याच्या दाराबाहेरच्या रस्त्याचाही विचार करावा, ही अपेक्षा स्टॉकहोममध्यें बसलेल्या माणसाकडून अवास्तव असेल. टीकाकारानें ती नोंदवूं नये असें नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेनें २०१२ पासून मोजांगच्या साह्यानें गरीब वस्त्यांतील रहिवाशांस याच ठोकळ्यांत आपलीं मैदानें व बागा मांडावयास लावल्या, नैरोबीच्या किबेरांत आणि इतरत्र. तेथें संगणक वस्तींत नेऊन, बायकामुलींस मुद्दाम बोलावून हें काम केलें गेलें. म्हणजे दार हलवितां येतें.

आमच्या भाचीपुरतें तें दार २०२० सालीं हललें, आणि तें कोणाच्या सद्बुद्धीनें नव्हे. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली. दुकान बंद, शाळा बंद, आम्ही पुण्यांत अडकलेले. शिक्षणासाठीं म्हणून तिच्या वडिलांनीं कचेरींतील एक जुना लॅपटॉप घरीं आणला आणि मोबाईलच्या जोडणीवर तो सुरू झाला. दुपारीं अभ्यास आटोपला कीं दुवा आमच्याकडे येई. आम्ही, वय वर्षें छप्पन्न, चार कळांनीं चालावयास याच काळांत शिकलों. आमच्या घरचीं मुलें, नांदेडचा चुलतभाऊ आणि नाक्यावरचीं तिघें अशीं सर्व त्या माळावर जमत. जोडणी अशी कीं मध्येंच कोणी तरी गोठून उभा राही, आणि आपण त्याच्याभोंवतीं फिरून वाट पाहावयाची.

भाचीनें किल्ला बांधला नाहीं. तिनें बारव बांधली. या खेळांत पायरी नांवाचा ठोकळा तेव्हां नव्हता. परंतु उडी एका ठोकळ्याइतकी मारतां येते, म्हणून दगडाचा एकेक ठोकळा खालीं उतरवीत तिनें चौफेर टप्पे केले, प्रत्येक चौथ्या टप्प्यावर बसावयास फळ्यांची जागा ठेवली आणि एका कोपऱ्यांत देवळीसाठीं सोनेरी ठोकळा ठेवला. तळाशीं पाणी आणावयाचें तर समुद्रापासून बोगदा काढावा लागे, आणि बोगदा चुकीच्या उंचीवर फुटला कीं त्याच्या पातळीपर्यंतचें सर्व बुडणार. एकदां तसेंच झालें. चार दिवसांचें काम गेलें. दुसऱ्या वेळीं तिनें आपल्या आपण एक जग उघडून तेथें आधीं पाहून घेतलें: बोगद्याच्या पातळीच्या वर पाणी चढत नाहीं, म्हणून शेवटच्या टप्प्यांची उंची बोगद्यावरून मोजावयाची आणि बोगद्याच्या तोंडाशीं स्पंज ठेवून काम करावयाचें, सर्व झालें कीं स्पंज काढावयाचा. आम्हीं मघां लिहिलें कीं या जगांत रचणाऱ्याची कसोटी नाहीं. तें लिहिलेलें आम्ही खोडीत नाहीं, कारण ठोकळ्यांच्या वजनाबद्दल तें खरेंच आहे. पण पाण्याच्या बाबतींत तें खरें नाहीं, आणि तें आम्हांस एका अकरा वर्षांच्या मुलीनें दाखविलें.

बारव पुरी झाली त्या दिवशीं तिनें आम्हांस खालपर्यंत नेलें. आमची उडी चुके, आम्ही दोनदां पाण्यांत पडलों. वर भावांनीं आपला नाका आणून ठेवला होता. लाल दांडा, दोन चौक्या. तिनें तो फोडला नाहीं. दांड्याच्या बाजूचे दोन ठोकळे मात्र काढून ठेवले, म्हणजे पाण्यास येणाऱ्यास नांव लिहावें लागूं नये.

तें जग आतां नाहीं. पुढच्या वर्षीं लॅपटॉप कचेरींत परत गेला. देण्यापूर्वीं कोणीं तरी त्यांतील सर्व साठवण शिस्तीनें पुसून टाकली, आणि दुव्यावर तर पूर्वींच कांहीं उघडेनासें झालें होतें. भगिनीच्या मोबाईलमध्यें पडद्याचें एक छायाचित्र आहे. त्यांत बारवेचे वरचे पांच टप्पे दिसतात, सोनेरी देवळी दिसत नाहीं, आणि डाव्या कोपऱ्यांत, थोरल्या भाच्यानें कधीं काळीं बुंधा तोडलेल्या एका झाडाचा हिरवा शेंडा आकाशांत तसाच आहे.